एम्प्लॉयबिलिटी स्किल्स वर्कशॉपमध्येच शिकवायला हवीत

नमस्कार मंडळी, समोर सगळे आयटीआयचे शिल्पनिदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये ट्रेड शिकवणारे, आहेत म्हणून सरळ मुद्द्यावरच येतो. एम्प्लॉयबिलिटी स्किल्स, म्हणजे नोकरीत टिकायला लागणारी कौशल्यं, हा विषय आपल्याकडे २०१२ पासून आहे, त्याआधी त्या जागी सोशल स्टडीज होता. २०२२ ला नवा सिलॅबस आला, पहिल्या वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांचा ट्रेड असेल तर दुसऱ्या वर्षाला अजून ६०. म्हणजे तास कमी नाहीयेत. संवाद, इंग्रजी, डिजिटल, पैशांचे व्यवहार, कामगार कायदे, सगळं आहे त्यात. पण परीक्षा कॉम्प्युटरवर, चार पर्यायांतला एक निवडायचा, मग पोरं शेवटी शेवटी प्रश्नसंच पाठ करतात, पास होतात, आणि अप्रेंटिस म्हणून चाकणच्या नाहीतर वाळूजच्या कंपनीत गेली की शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला मशीनबद्दल काय सांगायचं हेच त्यांना सुचत नाही.

आता हे शिफ्टचं मी मुद्दाम धरून बसणार आहे, कारण मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरून, उतरणाऱ्या पोराने सांगायला पाहिजे की तीन नंबर टूलचा इन्सर्ट (कापणारं टोक) घासलाय, मी ऑफसेट (मापाची दुरुस्ती) एवढा दिलाय, शेवटचे पीस मापाच्या वरच्या लिमिटला चाललेत, लक्ष ठेव. एवढंच. पण यात नेमकं बोलणं आलं, लिहिणं आलं, जबाबदारी आली, टीमवर्क तर आलंच आलं. आणि हे शिकवायला पैसे लागत नाहीत. एका ग्रुपला जॉब, म्हणजे बनवायला दिलेला भाग, अर्धवट ठेवून उठायला सांगा, दुसऱ्या ग्रुपने तो पुढे न्यायचा, बोलायचं अजिबात नाही, फक्त रजिस्टरमध्ये जे लिहिलंय त्यावर काम करायचं. मेजरमेंट चुकलं की दोन्ही ग्रुपना समोरासमोर बसवा, कोणती ओळ राहिली ते त्यांनाच शोधू द्या. मराठीत लिहिलं तरी चालेल, आकडे आणि युनिट बरोबर पाहिजेत.

दुसरं, बिघडलेला जॉब. पोरगं तो लपवतं, कारण आपण ओरडतो. हीच सवय घेऊन ते कंपनीत जातं आणि तिथे लपवलेला पीस पुढे असेंब्लीत जातो, कधी कधी गिऱ्हाईकापर्यंत पोचतो. म्हणून "सर, जॉब गेला" म्हणत जो स्वतः येईल त्याला आधी शाबासकी द्या, मग कुठे चुकलं ते बघा. तुम्ही त्या मिनिटाला कसे वागता त्यावर तो पुढची कित्येक वर्षं सुपरवायझरशी खरं बोलेल की नाही हे ठरतं, मला तरी असंच वाटतं.

इंटरव्ह्यू, बायोडाटा वगैरे घ्याच, पण त्यावर मी वेळ घालवत नाही. एक मात्र करा, अप्रेंटिसशिपचा करार सही करण्याआधी पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या. स्टायपेंड किती, कामाचे तास किती, सुट्टी कशी, हे विचारायचा त्यांना हक्क आहे, हा करार १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली होतो, आणि विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही हे त्यांना आपणच सांगायला पाहिजे. मुलींना तर नक्की, शिफ्ट आणि येण्याजाण्याचं आधी विचारून घ्या म्हणावं.

आता टाइमटेबल. एम्प्लॉयबिलिटीचे निदेशक आठवड्यातून एक तास तरी वर्कशॉपमध्ये येऊन उभे राहतील असं प्राचार्यांकडून मंजूर करून घ्या, आणि तो तास थिअरीच्या तासांतूनच काढा, प्रॅक्टिकल कापू नका. ज्यांच्याकडे एका मशीनवर खूप पोरं आहेत त्यांचे प्रश्न आधी घेऊ, बोला.