पत्रा आपला, चित्र कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर जुन्या जाहिरातीची पाटी दाखवता येत नाही, म्हणून आधी ती सांगतो. दोन फूट रुंद, दीड फूट उंच. जाड लोखंडी पत्रा आणि त्यावर गडद निळा एनॅमल. बोट फिरवलं तर काचेसारखा थंड लागतो, आणि ते बरोबरच आहे, कारण ती काचच असते. काचेची रंगीत पूड पत्र्यावर पसरून 800 अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत घातली की ती वितळून पत्र्याला धरते. म्हणून तर ऐंशी उन्हाळे सोसूनही निळा निळाच राहतो. अक्षरं पांढरी आणि पृष्ठभागापासून केसभर वर आलेली, डोळे मिटले तरी बोटांना वाचता येतील अशी. चार कोपऱ्यांत चार भोकं. मधोमध रुपयाएवढा टवका उडालेला. कुण्या पोरानं गलोलीचा नेम धरला असणार.

ही पाटी मला भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. त्याला ती मिळाली एका मळ्यात, पाण्याच्या टाकीवरचं झाकण म्हणून. मी किलोच्या भावानं घेतली. घरी आणून चिंच लावून पुसली, फोटो काढला आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. सकाळपर्यंत तो धुळ्याला, नंदुरबारला, पार सुरतेपर्यंत पोचला होता.

खानदेशात हा छंद अलीकडे चांगलाच फोफावलाय. चहा, साबण, रेडिओ, बिस्किटं, टॉर्चचे सेल, बिड्या... अशा पाट्या जमवणारे लोक जळगावात आहेत, चोपड्यात आहेत, शिरपुरात आहेत. मी पेशानं वकील. त्यामुळे मंडळी मला पाटीची किंमत विचारत नाहीत, दुसरंच विचारतात: ‘भाऊ, फोटो टाकला तर काही लफडं तर नाही ना?’

माझा भाचा मात्र विचारत नाही. तो थेट सांगतो. गेल्या दिवाळीआधी तो पाट्यांचे फोटो छापलेले चहाचे मग आणि किल्ल्यांच्या साखळ्या विकायच्या बेतात होता. म्हणाला, ‘मामा, पाटी आपली शे, फोटो आपला शे, मंग कसाले घाबरानं?’

त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पाटी एक दिसते, पण मालक तीन असू शकतात. पत्रा तुमचा, कारण पैसे मोजलेत. तो भिंतीवर लावा, विका, पुन्हा टाकीवर झाका. विकतानाही कायदा आड येत नाही, कारण तुम्ही नवी प्रत काढत नाही, आहे तीच वस्तू हात बदलते. पण त्या पत्र्यावरचं चित्र ही वेगळी मालमत्ता आहे, आणि त्यावरचं नाव ही तिसरी. पत्र्याच्या भावात या दोन्ही येत नाहीत.

आधी चित्राचं बोलू. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. चित्रकार जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चित्रावर हक्क राहतो. आधी 50 होती, 1992 मध्ये 60 केली. त्यामुळे पाटी किती जुनी, यापेक्षा चित्रकार कधी गेला हे महत्त्वाचं. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. चित्रकार धुरंधर 1944 मध्ये गेले, म्हणजे तेही मोकळे. पण दीनानाथ दलालांचं काय? दिवाळी अंक आणि कॅलेंडरं ज्यांनी घराघरांत नेली, ते दलाल 1971 मध्ये गेले. त्यांच्या चित्रावरचा हक्क 2031 च्या अखेरपर्यंत चालेल. एस. एम. पंडित 1993 मध्ये गेले. त्यांचा 2053 पर्यंत. चित्र 1950 सालचं आहे, पंच्याहत्तर वर्षं झाली, आता काय राहिलंय, असं म्हणून चालत नाही.

बहुतेक पाट्यांवर मात्र चित्रकाराचं नावच नसतं. अशा निनावी चित्राची 60 वर्षं ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तिथून मोजतात. म्हणजे 1940 ची निनावी पाटी 2000 सालच्या अखेरीस चित्र म्हणून मोकळी झाली. अट एकच: चित्रकार खरोखर अज्ञात असला पाहिजे. आपण कोपरा पुसून पाहिला नाही, याला अज्ञात म्हणत नाहीत.

पुष्कळांचा समज असतो की रस्त्यावर जे उघड्यावर दिसतं, ते सगळ्यांचं. कायदा तितका उदार नाही. इमारतीचा फोटो चालतो. चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा चालतो, कारागिरीच्या वस्तूचाही चालतो. पण भिंतीवरचं सपाट चित्र त्या सवलतीच्या यादीत नाही. लगेच फोन बंद करून ठेवू नका. खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, टीका किंवा समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला कायद्यात जागा आहे. नुसता फोटो टाकून ‘जुने ते सोने’ लिहिणारा आणि ही पाटी कुठल्या बाजारात होती, कुठल्या पद्धतीनं बनली, त्या काळी हा साबण कोण वापरायचं हे लिहिणारा, या दोघांत दुसऱ्याची बाजू कितीतरी भक्कम. शिवाय वाचायलाही तोच बरा.

फोटो काढणाऱ्याचाही हक्क असतो, पण तो त्याच्या फोटोपुरता. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवा. स्टेशनजवळच्या आपल्या घरात बसून त्यांनी टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खे देखावे उभे केले. ते 1989 च्या शेवटच्या दिवशी गेले. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही छायाचित्रकाराचं आयुष्य अधिक 60 वर्षं अशीच मुदत आहे. मूस यांच्या फोटोत प्रकाश त्यांचा, मांडणी त्यांची. आपण पाटी जमिनीवर ठेवतो, वरून फोन धरतो आणि बटण दाबतो. 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कॉपीराइटला नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी निर्मिती हवी. तेव्हा सपाट पाटीच्या सपाट फोटोवर तिरकं, भलंमोठं आपलं नाव छापून ‘माझ्या परवानगीशिवाय वापरू नये’ असं बजावणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. दुसऱ्याचं चित्र, तिसऱ्याचं नाव आणि दम आपला! मला हे कधी पटलेलं नाही.

आता नावाकडे येतो. अडचण खरी इथे आहे, कारण चित्राचा हक्क कधीतरी मरतो, नावाचा मरेलच असं नाही. ट्रेडमार्कची, म्हणजे मालाच्या नावाची किंवा चिन्हाची, नोंदणी 10 वर्षांची असते, पण दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत गेलं तर तिला शेवट नाही.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. 1945 मध्ये अमळनेरला मोहम्मद हशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप आणि 787 नावाचा कपडे धुण्याचा साबण, असा तिचा माल. पुढे तीच विप्रो झाली. आमच्या गावात पाटीपेक्षा तिच्या शेअरच्या गोष्टी जास्त रंगतात, ते असो. समजा तुम्हाला त्या काळातली सनफ्लॉवरची पाटी मिळाली. चित्रकार अज्ञात, म्हणजे चित्र मोकळं. ‘अमळनेरची आठवण’ म्हणून फोटो टाकलात, तर ट्रेडमार्क कायदा तुमच्या वाटेला जात नाही, कारण त्याला लागतो तो व्यापाराच्या ओघात केलेला वापर. पण तेच नाव आणि तेच फूल मगवर छापून विकायला काढलंत की छंद संपला, धंदा सुरू झाला. घेणाऱ्याला वाटू शकतं की मग कंपनीनंच काढलाय. आणि बंद पडलेलं नावसुद्धा बेवारस समजू नका. पाच वर्षं वापर नसेल तर नोंद काढून टाकण्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो, ती आपोआप गळून पडत नाही. नोंदणी नसली तरी नावलौकिकाच्या जोरावर दावा लावता येतो तो वेगळाच. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मग छापायच्या आधी दहा मिनिटं तिथे घालवलेली बरी.

नकली पाट्यांबद्दल बोललंच पाहिजे. नवा पातळ पत्रा घ्यायचा, त्यावर जुनी जाहिरात छापायची, मिठाच्या पाण्यात बुडवून गंज चढवायचा आणि ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ म्हणून विकायची. मीही एकदा फसलोय. पाटी घरी आणली आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, तर बोळ्यावर साबणाचं नाव उतरलं. खऱ्या एनॅमलचा टवका उडतो, पोपडा सुटत नाही आणि गंज टवक्याच्या कडेनं आत शिरतो. नकलीवर तो मेंदीसारखा सगळीकडे सारखा रंगलेला असतो. अशी पाटी करून विकणाऱ्याच्या डोक्यावर कॉपीराइटही बसतो आणि ट्रेडमार्कही. दोन्ही कायद्यांत 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितलाय.

पत्रा आपला म्हणालो खरं, पण भुसावळकरांनी तेही तपासून घ्यावं. रेल्वेची पाटी भंगारात दिसली तर ती लिलावातून आलीय की फलाटावरून उचललीय, हे आधी विचारा. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा 1966 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पाटी 100 वर्षांपलीकडची असेल तर ती पुरावस्तू ठरू शकते, मग परदेशी गिऱ्हाईक कितीही डॉलर देवो, ती बाहेर पाठवता येत नाही. बिडीची जुनी पाटी घरात खुशाल लावा. टपरीबाहेर शोभेला टांगलीत, तर तंबाखूच्या जाहिरातीविरुद्धचा 2003 चा कायदा ती शोभा समजेलच असं नाही.

आणि कुणी तक्रार केलीच तर? बहुतेक वेळा दारात पोलीस येत नाहीत, फोटो उतरवला जातो. हक्कदारानं लेखी तक्रार केली की संकेतस्थळानं 36 तासांत मजकूर थांबवायचा असतो, आणि 21 दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा लावता येतो. तेव्हा नोटीस आली म्हणून सगळा संग्रह पुसून टाकू नका, आणि हातघाईवरही येऊ नका. नोटीस चित्राबद्दल आहे की नावाबद्दल, एवढं आधी वाचा.

एवढं ऐकून भाचा हिरमुसला. मग म्हणाला, मोठ्या कंपन्या सोडा, आपल्याच दुकानाची पाटी छापू.

आमच्या वडिलांचं अमळनेरला किराणा दुकान होतं. त्याची पाटी एनॅमलची नव्हे, गावातल्या पेंटरनं ऑइलपेंटनं रंगवलेली. दुकानाचं नाव, शेजारी तराजू आणि तराजूच्या पारड्यात एक गुबगुबीत मांजर. मांजर का, ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं. पेंटरला वाटलं म्हणून.

इथे कायदा आमच्या बाजूनं निघाला. पैसे देऊन कुणाकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क चित्र करवून घेणाऱ्याचा. म्हणजे वडिलांचा. मोजदाद मात्र पेंटरच्या आयुष्यावरून. ते 1998 मध्ये गेले, म्हणजे हक्क अजून बरीच वर्षं जिवंत. वडिलांमागे तो आला वारसांकडे, म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या बहिणीकडे, सारखा. भाच्याला म्हटलं, माझी परवानगी आहे, आता तुझ्या आईची आण. ती म्हणाली, आधी माळा आवरून दे. त्यात त्याचे दोन रविवार गेले.

एक गोष्ट राहिली होती. हक्क कुणाकडेही गेला तरी चित्र माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो, आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांना तो बजावता येतो. भाच्यानं मगसाठी केलेला नमुना मी नीट पाहिला. तराजू होता, मांजर होतं. खालचा उजवा कोपरा त्यानं कापला होता, तिथे गंज आहे म्हणून. माळ्यावर जाऊन तो कोपरा ओल्या फडक्यानं पुसला. गंजाखाली बारीक, वळणदार अक्षरात पेंटरची सही होती.

पेंटरच्या मुलाला फोन लावला. आता तो फ्लेक्स छापतो. मांजर मगवर येणार म्हटल्यावर बराच वेळ हसला. पैशांचं मीच काढलं, तर नको म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, ‘भाऊ, बाबानं नाव टाकशात ना?’

भाच्यानं फोटो पुन्हा काढला, कोपऱ्यासकट.

नमस्कार.