बेटातली तोड

हा माणूस कोयता घेऊन बांबूच्या बेटात शिरलाय, पण लगेच घाव घालणार नाही. आधी काठ्या न्याहाळतोय. हिरवीगार, पेरांना अजून वाळकी खोळ चिकटलेली, ती यंदाची. तिला हात लावायचा नाही. पांढुरके डाग पडलेली, कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर खणखणीत वाजणारी, ती तीन-चार वर्षांची. ती घर बांधायला.

बांबू हे गवत. कोंब वर येतो तोच आपली पुरती जाडी घेऊन, आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढची वर्षं तो नुसता आतून घट्ट होत राहतो. कोवळा तोडला तर वाळताना सुरकुततो, चिरतो.

आता घाव पाहा. जमिनीलगत, गाठीच्या अगदी वर. मध्येच कापलं तर उरलेल्या पेराची वाटी होते, तिच्यात पाणी साचतं आणि खालचा कंद कुजतो.

तो कंदच माती राखतो. त्याच्या तंतुमुळांचं जाळं वरच्या थरातली माती आवळून धरतं, पानगळ तिच्यात कुजते. काठी नेली तरी कंद जागेवरच. उलट न तोडलेल्या बेटात गचपण माजतं, जुन्या काठ्या उभ्याच वाळतात. प्रयागराजजवळ कोटवा इथे वीटभट्ट्यांनी वरची माती खरवडून नेली होती. १९९६ पासून तिथे बांबू लावला गेला आणि पुन्हा पिकं उभी राहिली. अर्थात कुठलाही वाण कुठेही लावू नये. धावत्या कंदाचे, म्हणजे ज्यांचा कंद जमिनीखालून लांब पसरत जातो ते वाण शेजारच्या रानात घुसतात.

२२ एप्रिल १९९१. कोस्टा रिकातल्या लिमोन भागात मोठा भूकंप झाला. केंद्राजवळची बांबूची घरं न पडता उभीच राहिली. घर हलकं, म्हणून धक्काही कमी. शिवाय भिंत लवते. मात्र सांधा नीट हवा. नुसता खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो, म्हणून भोक पाडून बोल्ट घालतात.

आणि घुण? बांबूतल्या पिष्टावर तो जगतो. त्यावर उपाय बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं द्रावण. पण पावसाने तेही धुऊन जातं, म्हणून जोतं उंच आणि वळचण लांब. हा खर्च वाचवलेलं घर स्वस्त नव्हे, ते फक्त लवकर पडणारं घर.

काठ्या आता द्रावणाच्या हौदात बुडाल्यात. बाहेर काढून सावलीत उभ्या करायच्या, आणि काही आठवडे वाळू द्यायच्या.