बगळ्यांच्या झाडाखालचे डास

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या नागपुरात एक तक्रार हमखास कानावर येते. कॉलनीतल्या चिंचेवर बगळ्यांनी घरटी केली, खाली घाण झाली, मच्छर वाढले. फांद्या छाटून टाका! घाणीचं मला मान्य आहे. मच्छरांचा दोष मात्र बगळ्यांवर टाकू नका. ते तर रात्रभर त्या डासांना स्वतःचं रक्त देत असतात.

आणि सगळे पक्षी सारखं देत नाहीत, बरं का. नालीच्या घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासाच्या मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं. पक्ष्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास तिला झाडापर्यंत आणतो. पुढचं ठरतं पक्ष्याच्या स्वभावावर. १९७० च्या सुमारास फ्लोरिडात बगळ्यांवर प्रयोग झाले. डास बसला की गायबगळा पाय झटकतो, मान हलवतो, चोच मारतो; मादीला अर्धपोटीच उडावं लागतं. रातबगळा बराच सोसून घेतो. दोन्ही पक्षी आपल्याकडचेच. मासा टप्प्यात येईस्तोवर पाण्याकाठी दगडासारखा उभा असलेला रातबगळा तुम्ही पाहिला असेल. ज्याचं पोटच न हलण्यावर चालतं, तो डासासाठी कसा हलणार? मला तरी त्याच्या सोसण्याचं कारण यातच दिसतं. पिल्लांचे हाल आणखी वेगळे, अंगावर पुरती पिसंसुद्धा नसतात.

डासाच्या पोटातलं रक्त तपासलं की ते कोणाचं, हे डीएनएवरून कळतं. वॉशिंग्टनच्या परिसरात अशी तपासणी झाली. रॉबिन पक्षी तिथं संख्येनं थोडे, तरी डासांच्या पोटात सर्वांत जास्त रक्त त्यांचंच! उन्हाळा सरताना रॉबिन पांगले आणि त्याच डासांनी माणसं गाठली. डासांमार्फत पक्ष्यांकडून माणसांत येणाऱ्या वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले ते त्याच दिवसांत.

म्हणून त्या चिंचेची मला काळजी वाटते. बगळे हाकलले, तरी डास कुठं जाणार? ते झाडावर जन्मतच नाहीत. ते जन्मतात तुंबलेल्या नालीत आणि संडासाच्या टाकीत. तेव्हा फांद्या तोडायला माणूस बोलावण्याआधी गच्चीवर जा, आणि संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपच्या तोंडाला जाळी बांधलेली आहे का, ते बघा. नसेल, तर जुनं सुती कापडही चालतं.