लेस, मिडियम की तिखट?

इथे ठाण्यात मामलेदार मिसळच्या बाकड्यावर टेकलात की पहिला प्रश्न येतो, लेस, मिडियम की तिखट? काय खाणार असं कोणी विचारत नाही, कारण मामलेदारला माणूस मिसळच खायला येतो, ठरवायचं असतं ते फक्त तिखट किती झेपेल एवढंच.

१९४६ साली नरसिंह मुर्डेश्वरांनी ठाण्यात मामलेदार कचेरीला लागून हे छोटंसं कॅन्टीन टाकलं, पुढे त्यांचे चिरंजीव लक्ष्मण मुर्डेश्वरांनी ते चालवलं आणि कचेरीचंच नाव मिसळीला चिकटलं. आता कचेरीतलं काम म्हणजे तुम्हाला माहितीये, सातबारा काढायचाय, दाखला हवाय, साहेब जागेवर नाहीत, नंबर कधी लागेल त्याचा भरवसा नाही, अशा माणसाला काय लागतं तर पटकन समोर येईल, पोट भरेल आणि खिशाला परवडेल असं काहीतरी. मिसळ ह्या तिन्हीत बसते. उसळ शिजलेली, रस्सा उकळतोय, कांदा चिरून ठेवलाय, ऑर्डर आली की नुसतं रचून द्यायचं. एकच पदार्थ विकण्यातली खरी मजा ही आहे, ताटकळायला लागत नाही आणि माल पण पडून राहत नाही.

प्लेट जरा जवळून बघा. खाली वाटाणा, त्यावर फरसाण, वरून गरम रस्सा आणि बारीक कांदा, बाजूला पाव. रस्सा पडला की फरसाणाचा खालचा थर लगेच मऊ व्हायला लागतो, वरचा अजून कुरकुरीत, आणि ही दोन्ही एका घासात मिळायची वेळ फार थोडी असते, त्यामुळे आधी फोटो काढत बसणाऱ्यांचं मला कळत नाही, म्हणजे आम्ही पण शूट करतच होतो म्हणा, पण आमची प्लेट वेगळी होती.

कडेला ती लाल तर्री दिसतेय ना, मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाही, आणि तेल हलकं म्हणून वर तरंगतं. म्हणूनच ठसका लागल्यावर घटाघटा पाणी पिऊन काही होत नाही, उलट तोंडभर पसरतं. ताक घ्या, दही घ्या, दुधातलं प्रोटीन तो तिखटपणा धरून घेऊन जातं.

बाकी मिसळीवरून भांडणं तर चालूच असतात. कोल्हापूरवाले कट म्हणजे तिखट रस्सा आणि ब्रेडच्या स्लाइसशिवाय मिसळ मानत नाहीत, पुणेकर बेडेकरांकडे जातात, दादरच्या आस्वाद हॉटेलच्या मिसळीला तर २०१५ मध्ये लंडनला जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून अवॉर्ड मिळालं. चांगलंच आहे की! पण ठाणेकराला हे सांगून बघा, तो ऐकून घेईल, मान डोलवेल आणि तुम्हाला मामलेदारलाच घेऊन येईल.

पहिल्यांदा येत असाल तर गपचूप मिडियम सांगा. तिखट मागवून हिरो व्हायला जाऊ नका, शेजारच्या टेबलवरचे रेग्युलर लोक दुसऱ्या घासाची वाटच बघत बसलेले असतात.