फिलरनंतर ओठांकडे कसं बघायचं

नमस्कार. ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरदार दिसावेत म्हणून सुईनं आत घालतात ते जेल, घ्यावं की घेऊ नये, हा आजचा विषय नाही. ज्यांचं ठरलंय त्या माझं ऐकून थांबणार नाहीत, आणि ज्यांना नकोय त्यांना मी भरीस घालणार नाही. मला बोलायचंय ते सुई बाहेर आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. त्यातही आपल्या सोलापूरची एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुली सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातात, ओठ करून घेतात आणि त्याच गाडीनं रात्री परत येतात. सुई टोचणारा डॉक्टर अडीचशे किलोमीटरवर, आणि ओठ सुजायला लागतात ते कुर्डुवाडी ओलांडताना. मग घरात आई, आत्या, शेजारची वहिनी सगळ्या मिळून निदान करतात.

आधी ओठांत गेलंय काय, ते बघू. बहुतेक फिलर म्हणजे हायलुरोनिक ॲसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत असतोच. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी 1934 साली तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला होता. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. एका वेळी साधारण अर्धा ते एक मिली जेल घालतात. चहाच्या चमच्यात पाच मिली मावतं, म्हणजे चमच्याचा पाचवा भाग, तोही दोन्ही ओठांत मिळून. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात जे दिसतं ते फिलर नाही, ती सूज आहे. ओठांची कातडी पातळ, रक्तपुरवठा भरपूर, त्यात सुई अनेकदा आत-बाहेर झालेली, ओठ सुजणारच.

ही सूज पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते, आणि रात्रभर आडवं झोपल्यामुळे सकाळी आणखी वाढलेली दिसते. म्हणून पहिल्या रात्री डोकं उंचावर ठेवा. दुसरी उशी नसेल तर चादरीची जाड घडी उशीखाली सरकवा. सोलापुरात चादरीला काय तोटा! तीन-चार दिवसांत सूज उतरायला लागते. काळंनिळं पडलं असेल तर ते हिरवट, मग पिवळट होत आठ-दहा दिवसांत जातं. जिभेला बारीक गाठी लागतात, एक बाजू मोठी वाटते. "मॅडम, वाकडे झालेत की ओ," असा फोन तिसऱ्या दिवशी हमखास येतो. वाकडे झालेत की नाही हे दोन आठवड्यांआधी कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. तोवर फोनवर फोटो मोठा करकरून बघू नका आणि बोटांनी दाबून गाठ बसवायला जाऊ नका. डॉक्टरांनी मसाज करायला सांगितला असेल तरच करायचा, आणि सांगितला तेवढाच. लग्न असेल तर निदान महिनाभर आधी या. हळदीला आठ दिवस उरल्यावर येणाऱ्या नवरीला मी परत पाठवते, मग तिची आई माझ्यावर रागावते. रागावू दे.

खाण्यापिण्याचं बोलते. भूल उतरेपर्यंत चहा नको. बधिर ओठाला कढत चहा कळत नाही, आणि ओठ दाताखाली आला तरी समजत नाही. पहिले दोन दिवस शेंगा चटणी आणि कडक भाकरी बाजूला ठेवा. चटणी सुईच्या छिद्रांना झोंबते, आणि कडक भाकरीचा तुकडा मोडायला ओठ ताणावे लागतात. दहीभात खा, मऊ भाकरी दुधात कुस्करून खा. दारू नको, स्ट्रॉनं ओढून पिणं नको. जिम, गरम पाण्याची वाफ, तासन्‌तास चुलीसमोर उभं राहणं, हेही दोन दिवस टाळा. उष्णतेनं रक्तवाहिन्या फुलतात आणि सूज वाढते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारचं बाहेर पडणंच नको.

आणि तो स्कार्फ! स्कूटीवर निघताना आपल्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडावर स्कार्फ करकचून आवळतात, मागे गाठ मारतात. ताज्या ओठांवर तो दाब आणि ती धूळ, दोन्ही वाईट. दोन-तीन दिवस कोणाला तरी सोडायला सांगा. मिश्री लावणाऱ्याही इथे असतील. हसू नका, असतात. ओठ बाहेर ओढून बोटानं हिरड्या घासणं म्हणजे सुईच्या जागी घाण चोळणंच. शिवाय तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते.

बर्फ रुमालात गुंडाळून, न दाबता, थोडा थोडा वेळ लावा. लिपस्टिक एक दिवस नको, नंतरही पार्लरमधल्या सगळ्यांच्या ब्रशनं नको. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनमुळे काळंनिळं पडणं वाढू शकतं. पण हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनानं बंद करायचं नाही, आधी विचारायचं. दातांचं काम दोन आठवडे पुढे ढकला. ताप आला की ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, असं ज्यांचं होतं त्यांनी ते सुई घेण्याआधीच सांगावं. हे फोड एका विषाणूमुळे येतात, तो सुईनं पुन्हा जागा होऊ शकतो आणि त्यावर आधीच गोळी देता येते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आले ते. सगळ्या जणी सूज बघत बसतात. सूज कितीही भयंकर दिसो, बहुतेक वेळा ती उतरते. बघायचा असतो तो रंग. दोन्ही ओठांत एकेक धमनी आडवी जाते. जेल चुकून तिच्यात शिरलं किंवा बाहेरून तिच्यावर दबलं, तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. आधी तो भाग पांढरट पडतो, मग त्यावर जाळीसारखे निळे-जांभळे पट्टे उमटतात. कधीकधी ते वर नाकाच्या दिशेनं पसरतात. बहुधा वेदना खूप होतात, पण भूल असेल तर काहीच दुखत नाही, म्हणून दुखण्यावर विसंबू नका. आपल्या सावळ्या रंगावर पांढरेपणा चटकन दिसत नाही. ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी उजेडात उभ्या राहा आणि ओठाची आतली बाजू बघा. बोटानं क्षणभर दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. एका बाजूला उशीर लागत असेल तर बर्फ लावू नका, सकाळची वाट बघू नका. हे ओळखलं नाही तर दोन-तीन दिवसांनी तिथे पुटकुळ्या येतात, घरचे म्हणतात उष्णता बाधली, आणि मलम लावण्यात वेळ जातो.

यावर औषध आहे. हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन ते जेल विरघळवतं, पण काही तासांत दिलं तर उपयोग जास्त. म्हणून पुण्याहून निघताना दोन गोष्टी घेऊनच निघा: डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर, आणि फिलरच्या खोक्यावरचं नाव व बॅच नंबर असलेलं स्टिकर. सोलापुरात हे इंजेक्शन कोणत्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे ठेवलेलं असतं, ते आधीच विचारून ठेवा. अचानक कमी दिसू लागलं, पापणी खाली आली, जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर फोन करत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर मिनिटं मोजावी लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ओठ गरम लागला, पू दिसला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

पार्लर चालवणाऱ्या ताया समोर बसल्यात, त्यांनी राग मानू नये. बिनसुईचं पेन दाबलं की ओठ फुगतात, असली यंत्रं ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर 2021 मध्ये ती वापरू नका म्हणून लोकांना जाहीर इशारा दिला. आत काय आणि किती खोल गेलं यावर कोणाचा ताबाच राहत नाही. आणि आत गेलेलं हायलुरोनिक ॲसिड नसेल, तर मघाशी सांगितलेलं इंजेक्शनही कामाचं नाही.

चिठ्ठ्या आल्यात. आवडलं नाही तर काढता येतं का? येतं, त्याच इंजेक्शननं, एक-दोन दिवसांत विरघळतं. त्यानंही पुन्हा थोडी सूज येते, क्वचित ॲलर्जीही. किती दिवस टिकतं? साधारण सहा महिने ते वर्ष, माणसागणिक वेगळं. मधेच मोठा ताप येऊन ओठ पुन्हा सुजले तर घाबरू नका, पण दाखवा.

ही शेवटची: उद्या ऑफिसला मास्क लावून गेले तर चालेल का? चालेल, सैल आणि धुतलेला. ऑफिसात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मधमाशी चावली म्हणणाऱ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत.