महिन्यातले सहा दिवस आणि दोघांची जबाबदारी

(निवेदन, स्त्री किंवा पुरुष आवाजात, गती संथ)

मूल हवे असे ठरवल्यानंतर पहिल्या एक-दोन महिन्यांतच दिवस राहतील, अशी बहुतेक जोडप्यांची समजूत असते आणि तसे घडले नाही की घरात एक न बोललेली काळजी शिरते. वास्तविक दोघेही तरुण आणि पूर्णपणे निरोगी असले, तरी एका पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारणपणे चारात एक किंवा पाचात एक एवढीच असते. म्हणजे न राहणे हीच दर महिन्याची अधिक संभाव्य गोष्ट आहे. मात्र हेच प्रयत्न नियमितपणे चालू राहिले, तर वर्षभरात दर १०० जोडप्यांपैकी ८० हून अधिक जोडप्यांना दिवस राहतात आणि उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात राहतात. बारा महिने प्रयत्न करूनही यश न आल्यासच वंध्यत्वाचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याच कारणाने.

या वर्षभरात जोडप्याच्या हातात नेमके काय असते, हा आपला विषय आहे. हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण ज्या आहेत त्या खऱ्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या पुरुषाच्या वाट्याच्या आहेत. मूल होत नाही म्हटले की तपासणी, पथ्य, औषध आणि बोलणी हे सारे स्त्रीच्याच वाट्याला येते. हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यामुळे मौल्यवान महिने वाया जातात.

(दृश्य: बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते आणि गर्भनलिकेत शिरते, याचे रेखाचित्र)

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गर्भधारणेला अनुकूल दिवस ओळखणे. बीजकोशातून बाहेर पडलेले स्त्रीबीज फार तर १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र अनुकूल स्रावात स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. या दोन आकड्यांतच सगळे गणित आले. १९९५ साली अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मूल होऊ देण्याचा निर्णय घेतलेल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून या दिवसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की गर्भधारणा केवळ सहा दिवसांतल्या संबंधांतूनच झाली: स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस. पाच दिवस आधीच्या संबंधातून शक्यता सुमारे १० टक्के होती आणि प्रत्यक्ष त्या दिवशी ती ३३ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांतील संबंधांतून एकही गर्भधारणा दिसली नाही. म्हणूनच स्त्रीबीज बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर प्रयत्न करणे म्हणजे बहुतेक वेळा उशीर करणे होय. शुक्राणूंनी आधीच तिथे पोहोचून वाट पाहायला हवी.

मग हा दिवस कोणता? पाळीच्या चौदाव्या दिवशी, असे ठरलेले उत्तर सर्वत्र ऐकू येते आणि ते अनेकींच्या बाबतीत चुकीचे ठरते. १९२० च्या दशकात जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोन वैद्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिले की हा दिवस मागच्या पाळीपासून मोजायचा नसून पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो आणि तो साधारण १४ दिवस मागे येतो. त्यामुळे ज्या स्त्रीची पाळी २८ दिवसांनी येते तिचा हा दिवस चौदावा असतो, पण ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचा तो एकविसाव्याच्या आसपास पडतो. २४ दिवसांचे चक्र असेल, तर अनुकूल दिवस रक्तस्राव थांबताच, कधी तो थांबण्याआधीही, सुरू होऊ शकतात. शिवाय एकाच स्त्रीचे चक्र दर महिन्याला काही दिवसांनी पुढेमागे होते. केवळ तारखा मोजणाऱ्या मोबाइल ॲपवर विसंबून दोन ठरावीक रात्री निवडणाऱ्या जोडप्याच्या हातून अनुकूल दिवस निसटतात, ते यामुळेच.

शरीर स्वतःच या दिवसांची खूण देते. एरवी गर्भाशयमुखातला स्राव दाट, चिकट किंवा अगदी कमी असतो. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या आधीच्या काही दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढल्यामुळे तो पातळ, पारदर्शक, निसरडा आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. हा स्राव शुक्राणूंना वाट करून देतो आणि जिवंतही ठेवतो. तो दिसू लागला की अनुकूल दिवस सुरू झाले, असे समजावे. लघवीतले एलएच संप्रेरक मोजणाऱ्या पट्ट्याही मिळतात. या संप्रेरकाची पातळी एकदम उसळू लागली की त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. बीजकोशांत अनेक लहान पुटिका असण्याची पीसीओएसची समस्या असलेल्या स्त्रियांमध्ये या पट्ट्या कधीकधी फसवा निकाल देतात, हे लक्षात ठेवावे. पहाटेचे शरीराचे तापमान मोजण्याची जुनी पद्धत मात्र दिवस उलटून गेल्यावरच उत्तर देते, कारण तापमान वाढते ते स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर. चक्र नियमित आहे की नाही हे पाहण्यापुरता तिचा उपयोग आहे.

अनुकूल दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध यावेत, एवढे पुरेसे आहे. वीर्य साठवून ठेवल्याने ते अधिक समर्थ होते, ही समजूत टिकणारी नाही. फार दिवसांच्या खंडाने शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते. विशिष्ट आसन, नंतर पाय वर करून पडून राहणे किंवा लगेच न उठणे यांनी फरक पडतो, असा पुरावा नाही. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयमुखात शिरलेले असतात. कोरडेपणासाठी वापरली जाणारी काही वंगणे मात्र शुक्राणूंची गती कमी करतात. गरज भासलीच तर गर्भधारणेच्या प्रयत्नांच्या काळात चालणारे वंगण डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणि दिवस मोजण्याचा भार होऊ लागला, संबंध म्हणजे वेळापत्रकातले एक काम वाटू लागले, तर मोजणे खुशाल सोडून द्यावे. संपूर्ण महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर अनुकूल दिवस आपोआपच त्यात येतात. नात्यातला ओलावा टिकवणारा हा मार्ग अनेक जोडप्यांसाठी अधिक शहाणपणाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

(दृश्य: शुक्राणू तयार होण्याच्या टप्प्यांचे रेखाचित्र)

आता पुरुषाच्या वाट्याकडे वळू. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः सहभाग असतो. शुक्राणू पूर्ण तयार होऊन बाहेर पडायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. याचा अर्थ असा, की आजच्या वीर्याची प्रत तीन महिन्यांपूर्वीच्या सवयी, आजार आणि ताप यांवर ठरलेली असते आणि आज सोडलेल्या व्यसनाचा लाभही तेवढ्याच अवधीने दिसू लागतो. त्यामुळे मूल होऊ द्यायचे ठरण्याच्या निदान तीन महिने आधी पुरुषाने तयारीला लागावे.

ही तयारी साधी आहे. वृषण शरीराबाहेरच्या पिशवीत असतात, कारण त्यांना उरलेल्या शरीरापेक्षा काही अंशांनी कमी तापमान लागते. गरम पाण्याच्या टबात वारंवार बसणे, मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करणे हे म्हणूनच टाळावे. सिगारेट आणि इतर तंबाखू, गांजा आणि अति मद्यपान यांचा शुक्राणूंच्या संख्येवर व गतीवर वाईट परिणाम होतो. याहून फार कमी बोलले जाणारे कारण म्हणजे स्नायू कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. बाहेरून हे संप्रेरक आले की मेंदू वृषणांना द्यायचा संदेश थांबवतो आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्णपणे बंद पडते. शरीर पिळदार होत असताना जननक्षमता नाहीशी होत असते, आणि ती परत येण्यास अनेक महिने, काहींना वर्षाहूनही अधिक काळ लागतो. ही इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना हे आधी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

स्त्रीच्या बाबतीत धूम्रपानाचे परिणाम आणखी दूरगामी आहेत. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरीने एक ते चार वर्षे अलीकडे येते, म्हणजे स्त्रीबिजांचा साठाच लवकर संपतो. वजनाचा संबंध स्त्रीबीज बाहेर पडण्याशी थेट आहे. फार कमी वजनात आणि अति व्यायामात शरीर हे काम थांबवते. जास्त वजनात संप्रेरकांचा तोल बिघडतो. वजन जास्त असलेल्या पीसीओएसच्या स्त्रियांमध्ये मूळ वजनाच्या केवळ ५ ते १० टक्के घट झाली, तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. पण आदर्श वजनाचे लक्ष्य गाठेपर्यंत प्रयत्नच पुढे ढकलावेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये, विशेषतः वय पस्तिशीच्या पुढे असेल तर.

गर्भधारणेच्या प्रयत्नांच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे. यामुळे दिवस राहण्याची शक्यता वाढते म्हणून नव्हे, तर बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, अनेकदा आईला कळण्याआधीच घातला जातो म्हणून. पूर्वी मेंदूचा किंवा पाठीच्या कण्याचा दोष असलेले बाळ झाले असेल किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. थायरॉइड, मधुमेह आणि रुबेलाची लस यांचाही विचार याच वेळी व्हावा. ही लस घेतल्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, त्यामुळे तिचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. पूर्वी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या असतील, तर त्या थांबवल्यावर जननक्षमता साधारणपणे लवकर परतते. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनानंतर मात्र अनेक महिन्यांची प्रतीक्षा ठरलेली असते.

आहाराबद्दल फार बोलण्यासारखे नाही. भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये असलेला समतोल आहार आणि चहा-कॉफीत संयम, एवढे पुरेसे आहे. एखादा विशिष्ट पदार्थ खाल्ल्याने दिवस राहतात, याला आधार नाही. जाहिरातींतल्या पूरक गोळ्यांबाबत सावध राहावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांमधील पुरुषांपैकी काहींना झिंक आणि फोलिक ॲसिड आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. मूल जन्मण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. नैसर्गिक असे छापलेल्या ज्या पुड्यांत काय आहे हेच नीट लिहिलेले नसते, त्या तर घेऊच नयेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सवयीने बदलत नाही, ती म्हणजे वय. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात आणि पुढे संख्येबरोबर त्यांची प्रतही घटत जाते. पस्तिशीनंतर ही घट वेगाने होते. पुरुषाचे वय वाढल्याचा परिणाम सावकाश दिसतो, पण तोही असतोच. हे सांगणे कोणाला दोष देण्यासाठी नाही. शिक्षण, नोकरी, घर यांमुळे उशीर होतो आणि त्यामागे खरी कारणे असतात. तरीही निर्णय घेताना ही माहिती दोघांच्याही हाती असली पाहिजे.

ताण घेऊ नका म्हणजे आपोआप होईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हे वाक्य प्रत्येक महिन्याच्या निराशेचे खापर पुन्हा त्याच स्त्रीच्या मनावर फोडते. ताणाने झोप, भूक आणि जवळीक यांवर परिणाम होतो हे खरे, म्हणून तो हलका करणे चांगलेच. पण काळजी केली म्हणून गर्भ राहिला नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. बंद झालेली गर्भनलिका मन शांत ठेवल्याने उघडत नाही.

(दृश्य: दवाखान्यातील प्रतीक्षाकक्ष, शेजारी बसलेले जोडपे)

नैसर्गिक प्रयत्नांना मर्यादा कधी घालायची, हेही ठाऊक असायला हवे. स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असेल तर एक वर्ष, ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे; चाळिशी उलटली असेल तर वाट पाहूच नये. पाळी फार अनियमित असेल किंवा येतच नसेल, पाळीत असह्य वेदना होत असतील, ओटीपोटाचे ऑपरेशन किंवा संसर्ग पूर्वी झाला असेल, पुरुषाच्या वृषणांना इजा, शस्त्रक्रिया किंवा गालगुंडानंतरची सूज झाली असेल, तर वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. क्लॅमिडियासारखा लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग तर कोणतेही लक्षण न दाखवता गर्भनलिकांना इजा करू शकतो.

पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जावे आणि वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. ती सोपी आहे, शरीराला कोणतीही इजा न करता होते, आणि ती न करता स्त्रीच्या तपासण्यांची मालिका सुरू करणे योग्य नाही. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर नमुना द्यायचा असतो. निकालात काही कमी आढळले तर लगेच धीर सोडू नये. नवे शुक्राणू तयार व्हायला लागणारा काळ लक्षात घेऊन साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण मधल्या काळातला एखादा तापही पहिला आकडा खाली आणू शकतो.