रामगडच्या टाकीत पाणी चढलं कसं?

(पडद्यावर : चहाच्या टपरीसमोरचा बाक. साठीच्या अलीकडची-पलीकडची चार-पाच माणसं. आधी हशा, मग निवेदन.)

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. त्याचं परीक्षण लिहायचे दिवस केव्हाच संपले, वाद मात्र अजून चालू आहेत. आणि तीन शोलेवेडे एकत्र आले की पहिला वाद ठरलेला.

"ठाकूरच्या वाड्यात रोज रात्री सून एकेक कंदील मालवत जाते. म्हणजे रामगड गावात वीज नाही. मग वीरू ज्या टाकीवर चढून जीव द्यायला निघतो, तिच्यात पाणी चढवतं कोण?"

"मौसी. रागाच्या भरात."

"टाकी रिकामीच होती रे. म्हणून तर मोकळी होती चढायला."

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, सलीम-जावेद यांना आपण कोंडीत पकडलं. आमच्या मते हा आक्षेप सगळ्यांत लंगडा आहे. पाणी चढवायला वीज लागत नाही, ताकद लागते. ती कुठून आणायची याची उत्तरं १९७५ च्या कितीतरी आधीपासून शेताशेतांत धडधडत होती.

(पडद्यावर : डिझेल इंजिन. एक हात डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका उचलतो, दुसरा हँडल फिरवतो.)

हिशेब मांडून बघू. टाकीची उंची पडद्यावरून मोजता येत नाही, म्हणून जमिनीपासून १२ मीटर धरू. विहिरीतलं पाणी ६ मीटर खाली. पाइपातल्या घर्षणाचे २ मीटर. एकूण उचल झाली २० मीटर. गावात ५०० माणसं, माणशी रोज ४० लिटर, म्हणजे २०,००० लिटर. एवढं पाणी २० मीटर उचलायला जेमतेम १.१ युनिट ऊर्जा पुरते. पंप निम्मी वाया घालवतो असं धरलं तरी सव्वादोन युनिटांच्या आत काम होतं. पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन हे पस्तीस मिनिटांत उरकेल आणि पाऊण लिटरही डिझेल पिणार नाही.

अशी इंजिनं आणायला रामगडकरांना परदेशी जायची गरज नव्हती. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. ठाकूर बलदेव सिंग माजी पोलीस अधिकारी, बागायतदार, घरात तिजोरी. त्याच्याकडे इंजिन नसतं तर नवल.

"मग इंजिनाचा आवाज का येत नाही?"

"सकाळी अर्धा तास चालतं रे. तेव्हा जय-वीरू झोपलेले असतात."

आता खरी अडचण बघा, जी बाकावर कुणी काढत नाही. पंप जमिनीवर बसवला आणि पाणी ६ मीटर खाली असलं, तर तो त्याच्या ओढीच्या टोकाला आलेला असतो. कागदावर सव्वादहा मीटरपर्यंत पाणी ओढता येतं, प्रत्यक्षात सहा-सात मीटरनंतर पंप हात टेकतो. उन्हाळ्यात विहिरीची पातळी दोन मीटर उतरली की इंजिन फिरतंय, पट्टा फिरतोय आणि नळाला फक्त सुस्कारे. उपाय एकच, पंप विहिरीतल्या कट्ट्यावर खाली घ्यायचा.

दुसरं दुखणं पाइपाच्या तळाच्या झडपेचं, म्हणजे शेतकरी ज्याला फुटबॉल म्हणतात त्याचं. तिच्यात काडी किंवा खडा अडकला की रात्रभरात पाइप रिकामा होतो. सकाळी पंपात वरून पाणी ओतून हवा काढल्याशिवाय तो उचल घेत नाही. आणि तीन इंचीच्या जागी स्वस्तात दोन इंची पाइप टाकला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षण सात पटींवर जातं. दोन मीटरचे पंधरा होतात, पाणी टाकीपर्यंत रडतखडत पोचतं. रामगडात काही बिघडलंच असेल, तर ते इथे.

इंजिन नको म्हणणाऱ्यांसाठी हातपंपाचाही हिशेब आहे. धडधाकट माणूस सलग काम करताना ७५ वॅटच्या आसपास ताकद लावतो. हातपंपातली गळती धरून २०,००० लिटरला एका माणसाचे २४ तास लागतील. जय आणि वीरूला जुंपलं तर रोज बारा-बारा तास. मग मैत्रीची गाणी म्हणायला दम कुठून आणणार?

वीरू दारू पिऊन ती उभी शिडी चढला कसा, हा प्रश्न जास्त गंभीर आहे. पण त्याला कुणी हात घालत नाही, कारण तिथे धर्मेंद्र आहे.

(पडद्यावर : खडकाळ टेकड्या. मग रेल्वेचा रूळ.)

गावाबद्दल आणखी एक. रामगड उत्तरेकडचं वाटतं, पण ते उभं केलं होतं बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरच्या खडकांत आणि उभं करणारे कलादिग्दर्शक होते राम येडेकर. गाडीवरच्या दरोड्याचं चित्रण झालं पनवेलजवळ. म्हणजे ठाकूरची गाडी पनवेलला सुटते आणि गाव येतं कर्नाटकात. याला चूक म्हणणारा माणूस सिनेमा बघायला नाही, तिकीट तपासायला आलेला असतो.

दुसरा नेहमीचा तंटा संवादांचा. 'शोले'च्या संवादांच्या तबकड्या पॉलिडोरनं काढल्या आणि त्या लाउडस्पीकरवर इतक्या वाजल्या की पिक्चर न बघितलेल्यांनाही पाठ झाल्या. पाठ झाल्या, पण सरमिसळ होऊन. "अरे ओ सांभा, कितने आदमी थे?" असं गब्बर कुठेही म्हणत नाही. माणसं किती होती हे तो हात हलवत परतलेल्या तिघांना विचारतो. सांभाला विचारतो ते बक्षिसाचं, आणि उत्तर येतं पन्नास हजार. पंचाहत्तर साली सोनं दहा ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात होतं, म्हणजे गब्बरची किंमत नऊशे ग्रॅम सोनं. त्या मानानं सांभाचं मानधन किती, यावर बाक अजून बोलतोय.

आता पिस्तुलाकडे येऊ. हा आमचा आवडता वाद, कारण इथे पटकथा गणितात पास होते आणि तिला नापास करायला निघालेले रसिकच नापास होतात.

(पडद्यावर : कागदावर वर्तुळ. त्यात सहा घरं, तीन काळी, तीन पांढरी.)

सहा घरांचं रिव्हॉल्व्हर. गोळ्या सहा, माणसं तीन. गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसता खटका. तिघं वाचतात, सगळे हसतात आणि मग तो तिघांना उडवतो.

"तिघंही वाचण्याची शक्यता वीसात एक," असं कुणीतरी हमखास ठणकावतं. सहातली तीन घरं निवडायचे वीस प्रकार, त्यातला एकच सोयीचा. आकडेमोड बरोबर, पण गणित दुसऱ्याच पिस्तुलाचं. गोळ्या वाटेल तशा विखुरल्या असत्या तर ते लागू पडलं असतं. गब्बरनं हवेतल्या तीन गोळ्या ओळीनं झाडल्या आहेत, म्हणजे रिकामी घरं एकमेकांना लागून आणि भरलेलीही एकमेकांना लागून. चक्र एकदाच फिरवलं, तर ते सहापैकी कुठल्याही घरावर थांबेल. त्यातल्या एकाच जागी पुढची तिन्ही घरं रिकामी मिळतात. शक्यता सहात एक. लुडो खेळताना हवं ते दान पहिल्या फटक्यात पडावं, तितकीच.

प्रत्येक माणसामागे चक्र नव्यानं फिरवलं असतं, तर दर वेळी निम्मी शक्यता, तिघांची मिळून आठात एक.

पण खरी गंमत पुढे आहे. एकदाच फिरवलेल्या चक्रात तीन रिकामी घरं सलग निघाली, की उरलेली तिन्ही घरं भरलेलीच असणार. म्हणून शेवटी गब्बर चाप ओढतो तेव्हा मधे एकही फुसका खटका येत नाही. तीन बार, तीन माणसं. दर वेळी चक्र फिरवलं असतं तर हा शेवट असा सफाईदार झाला नसता. त्या हसण्यामागोमाग येणारे बार इतके नेमके बसलेत याचं श्रेय संकलक एम. एस. शिंदे यांचं. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि ते त्यांनाच.

यावर एक जास्तीचा शहाणा असतोच. तो म्हणतो, "भरलेली काडतुसं जड. झाडलेल्यांमधलं शिसं गेलेलं, नुसती पितळी टोपणं उरलेली. चक्र सैल फिरलं तर जड बाजू खाली जाणार." मुद्दा खरा आहे. आता पुढे जाऊन बघू. तीन भरलेली घरं खाली बसली, तर तीन रिकामी वर, आणि त्यातलं मधलं घर घोड्यासमोर, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खटक्यासमोर. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. पहिला खटका रिकामा. दुसऱ्यांदा थेट गोळी. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं चाललं असतं तर दुसराच माणूस आडवा झाला असता आणि तिसऱ्यापर्यंत, म्हणजे कालियापर्यंत प्रश्न पोचलाच नसता.

(पडद्यावर : जुन्या चित्रगृहाचा दर्शनी भाग.)

यापुढचा वाद मिटत नाही, कारण दोघंही खरं बोलत असतात. मुंबईत मिनर्व्हाला पाहिलेला म्हणतो, नाणं पडल्याचा आवाज माझ्या खुर्चीखाली आला. तालुक्याला पाहिलेला म्हणतो, कसला आवाज? चित्रण ३५ मिमीवर होतं. त्यावरून ७० मिमीच्या प्रती मोठ्या केल्या, त्यांना सहा पट्ट्यांचा चुंबकीय आवाज. गावोगाव गेल्या त्या ३५ मिमीच्या प्रती, एका पट्टीच्या. पडद्यामागे एकच कर्णा असला तर नाणं फिरेल कुठून?

शेवटही दोन. आधी ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो असं चित्रित झालं होतं. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरनं हरकत घेतली आणि ऐन वेळी पोहोचणारे पोलीस चित्रित करावे लागले. मूळ शेवटाची दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. तोवर पन्नास वर्षं पोलीस वेळेवर येत राहिले. बाकावरचा सर्वांत जुना विनोद हाच आहे की अख्ख्या पिक्चरमध्ये न पटणारी गोष्ट टाकी नसून ती आहे.

(पडद्यावर : लेथ. त्यात पकडलेलं नाणं.)

राहिलं जयचं नाणं, दोन्हीकडे छापा असलेलं. दोन नाणी अर्धी घासून पाठीला पाठ लावून डाग दिला, तर कडेला रेघ दिसते आणि नाणं बद्द वाजतं. जाणकार कारागीर तसं करत नाही. एका नाण्याची काट्याची बाजू तो आतून कोरतो, कडा मात्र शाबूत ठेवतो. दुसऱ्याचा घेर लेथवर उतरवून ते त्या वाटीत दाबून बसवतो. जोड कडेच्या आतल्या बाजूला दडतो, वरवर बघणाऱ्याला सापडत नाही.

"पण वीरूनं इतक्या वर्षांत एकदाही उलटून बघितलं नाही?"

उलटून बघतं कोण? दुकानदारसुद्धा नाण्याची एकच बाजू बघून गल्ल्यात टाकतो. जयला भीती वीरूची नव्हतीच. भीती होती ती चुकून विडीच्या पैशांत ते नाणं जाण्याची, म्हणून असलं नाणं सुट्ट्या पैशांच्या खिशात ठेवायचं नसतं.